नाल्याचा आराखडा करायचाय, पण आधी सर्वे नेमका कशाचा करू? पारोळा-अमळनेर पट्टा

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. पारोळा आणि अमळनेरच्या मधल्या पट्ट्यातलं आमचं गाव. गावाला लागून एक नाला वाहतो, तो पुढे जाऊन बोरी नदीला मिळतो. नाला म्हणतात पण पावसाळ्यात बघाल तर नदीच. खालच्या अंगाला त्याचे काठ ढासळून लोकांची बांधाकडची शेतं दरवर्षी थोडी थोडी चाललीत, वरच्या अंगाला तळ गोट्यांनी भरून आलाय, आणि मधे गावठाणाजवळ पाणी आता वस्तीत शिरतंय.

ग्रामसभेत ठरलं की एकेका शेतकऱ्याच्या तक्रारीवर एकेक काम न करता सगळ्या नाल्याचा आणि त्याच्या पाणलोटाचा मिळून एकच आराखडा करायचा. समितीत मी आहे, बीएस्सी ॲग्री झालेय म्हणून सगळं माझ्याकडे आलंय. गावात दोन मतं आहेत. बरेच जण म्हणतात की पोकलेन लावा, नाला वरपासून खालपर्यंत खोल, रुंद आणि सरळ करून टाका, शिरपूरकडे झालं तसं. थोडे जण म्हणतात आधी मोजा. मी दुसऱ्या गटात आहे पण मोजायचं म्हणजे नेमकं काय ते मलाच नीट सांगता येत नाही म्हणून सभेत माझं कोणी ऐकत नाही.

ड्रोनवाल्याचं कोटेशन आलंय ते आमच्या बजेटच्या बाहेर आहे. एका ओळखीच्यांकडून लेव्हल मशीन (उंची-सखलता मोजायचं) आणि स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी काठी, काही दिवसांसाठी मिळू शकतो, कॉलेजची चार-पाच पोरं यायला तयार आहेत आणि मोबाईल सगळ्यांकडे आहेत. एवढ्यावर काय होईल? आणि एक मोठी शंका, पूरमैदान ओळखायचं कसं? आमच्याकडे नाल्याच्या दोन्ही बाजूला सपाटच सपाट आहे, मग ते सगळंच पूरमैदान धरायचं का?

सातपुडा_पायथा

ताई, तुमची शेवटची शंका सगळ्यात महत्त्वाची आहे म्हणून तिथूनच सुरू करतो. मी भूगोल शिकवतो आणि तापीच्या दोन्ही थड्यांना पोरांना घेऊन बरंच फिरलोय.

खान्देशात काठावर उभं राहून दिसणारी सपाटी बहुतेक ठिकाणी पूरमैदान नसते. तापी खचदरीतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून वाहते आणि तिनं फार जुन्या काळात गाळाचा मोठा थर टाकलाय, पुढे त्याच गाळात ती आणि तिच्या उपनद्या खोल कापत गेल्या. म्हणून तापीला उंच उंच दरडी दिसतात आणि मोठा पूरसुद्धा बऱ्याच ठिकाणी दरडीच्या आतच राहतो. वरची कपाशी-केळीची सपाटी ही जुनी पायरी आहे, नदी आता तिथे गाळ टाकत नाही. आत्ताचं पूरमैदान दरडीच्या आत, पात्राला लागून, एखाद्या अरुंद ओट्यासारखं असतं. आपल्याकडे त्याला मळई म्हणतात, लोक तिथे टरबूज, काकडी, भाजीपाला लावतात. तुमच्या नाल्याच्या खालच्या भागातही असंच असण्याची शक्यता खूप आहे. वरच्या भागात मात्र पात्र उथळ असेल आणि पाणी खरोखर शेतात पसरत असेल, म्हणजे एकाच नाल्यात दोन्ही प्रकार.

फरक ओळखायला काठाचा ताजा ढासळलेला कट बघा. जुना गाळ पिवळट तपकिरी, घट्ट, आणि त्यात पांढरे चुनखडीचे खडे असतात. तसे खडे तयार व्हायला फार काळ लागतो. नवा गाळ सैल, वाळू आणि बारीक मातीचे पातळ थर एकावर एक, मधे मधे पालापाचोळा, मुळं. आणि थरात प्लास्टिकची पिशवी किंवा गुटख्याची पुडी दबलेली सापडली तर तो गाळ गेल्या काही दशकांतल्या पुरानंच टाकलाय हे नक्की, त्याच्या उंचीपर्यंत पाणी येतं हे वेगळं सिद्ध करायला नको. पोरांना हे शोधायला सांगा, फार आवडीनं करतात. पुणे विद्यापीठातल्या विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीच्या जुन्या पुरांचा अभ्यास केला तोही मुळात असाच, पुराच्या आडोशाच्या संथ पाण्यात बसलेल्या बारीक गाळाचे थर वाचून.

आता सर्वेचं. मशीन पहिल्या दिवशी काढूच नका. आधी बोरीच्या संगमापासून उगमापर्यंत सगळा नाला पायी चाला, खालून वर. खालून का, तर नाल्यात जो बिघाड होतो त्यातला बराचसा खालून वर चढत जातो. चालताना नाल्याचे टप्पे पाडत जा. जिथे स्वभाव बदलला तिथे नवा टप्पा. स्वभाव म्हणजे हे, की दोन्ही काठ खडकाचे आहेत का, एकाच बाजूला खडक आणि दुसरीकडे माती आहे का, की दोन्हीकडे गाळच आहे. खडकात अडकलेला नाला बाजूला सरकत नाही आणि खोलही जात नाही, त्याची काळजी सोडा. एका बाजूला माती असेल तर तो त्याच बाजूला सरकणार. आणि दोन्हीकडे गाळ असेल तर तो कुठेही जाऊ शकतो, तिथे तुमचा सगळा वेळ घालवा. ऑस्ट्रेलियात ब्रायरली आणि फ्रायर्स यांनी नद्यांचे असे प्रकार पाडायची पूर्ण पद्धत बसवलीय, तिचा गाभा हाच आहे की दरी नदीला किती मोकळीक देते ते आधी बघायचं.

प्रत्येक टप्प्यात वहीत लिहा: तळ कशाचा आहे, खडक, गोटे, वाळू की चिखल. डोह कुठे आहेत आणि उन्हाळ्यात कोणत्या महिन्यापर्यंत पाणी धरतात. वळणाच्या आतल्या अंगाला वाळूचा पट्टा वाढतोय का. काठ कोणत्या बाजूचा तुटतोय, उभा तुटतोय की खालून पोखरून वरचं ढेकूळ पडतंय. झाडांची मुळं उघडी पडलीत का, आणि बंधाऱ्याचा किंवा पुलाचा पाया उघडा पडलाय का. हे शेवटचं फार बोलकं असतं, पूल बांधला तेव्हा पाया तळाच्या खाली होता, आता हवेत दिसत असेल तर तळ किती खाली गेला ते टेपनं मोजता येतं. प्रत्येक जागेचा फोटो, जीपीएस चालू ठेवून, आणि फोटोत एक माणूस किंवा काठी उभी असू द्या म्हणजे उंची कळते.

नकाशावेडा

सरांनी सांगितलं ते आधी करा, मी घरबसल्या होणारं सांगतो.

सर्वे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर 1:50,000 चे ओपन सिरीज नकाशे मिळतात. नाल्यांचं जाळं आणि पाणलोटाची हद्द काढायला उत्तम, पण त्यावर उंचीच्या रेषा 20 मीटरच्या अंतरानं असतात त्यामुळे तुमची दरड, मळई, जुनी पायरी यातलं काहीच त्यात दिसणार नाही. सॅटेलाईटवरून बनवलेली फुकट उंचीची फाईल, इस्रोच्या भुवन पोर्टलवरची कार्टोसॅटची घ्या नाहीतर कोपर्निकसची, तिचा एक चौकोन 30 मीटरचा. तुमचा नाला दहा-पंधरा मीटर रुंद असेल तर तो अख्खा एका चौकोनात मावतो, काठासकट. वर उंचीत काही मीटरची चूक असते ती वेगळीच. एसआरटीएम या अमेरिकन फाईलची तर मोजणीच फेब्रुवारी 2000 मधली आहे, त्यानंतर तुमच्याकडे काय काय खणलं गेलं ते त्यात नाही. म्हणून कोणी लॅपटॉपवर त्या फाईलवरून तुमच्या नाल्याचा रंगीत पूर नकाशा करून दाखवला तर त्यावर घरं उठवायचे निर्णय घेऊ नका ही कळकळीची विनंती. पाणलोटाचा उतार, उपनाले, कुठल्या टेकडीचं पाणी कुठे येतं एवढ्यासाठी ती फाईल वापरा, त्याला ती चांगली आहे, क्यूजीआयएस या फुकटच्या नकाशा सॉफ्टवेअरमध्ये एका संध्याकाळी होतं.

खरी मजा जुन्या-नव्या पात्राच्या तुलनेत आहे. गूगल अर्थ प्रो मध्ये घड्याळाचं चिन्ह दाबून मागच्या वर्षांची चित्रं बघा, प्रत्येक उन्हाळ्याच्या चित्रावर काठाची रेष काढा आणि सगळ्या रेषा एकावर एक ठेवा. कुठलं वळण किती सरकलं ते डोळ्यासमोर येतं. सेंटिनेल-2 ची चित्रं 2015 पासून आहेत, 10 मीटरची, ती छोट्या नाल्याला थोडी जाडी पडतात पण पूर ओसरल्यावर पाणी कुठे साचून राहिलं ते त्यात बरं दिसतं, फक्त ढग नसले पाहिजेत.

आणि भूमी अभिलेखमधून गाव नकाशा नक्की काढा. त्यात नाल्याचं जुनं पात्र आखलेलं असतं. तो नकाशा आजच्या चित्रावर बसवला की कुठे नाला शेतात घुसलाय आणि कुठे शेत नाल्यात घुसलंय हे दोन्ही कळतं. दुसरं सभेत दाखवताना जपून, त्यावरून भांडणं होतात, आधी संबंधित शेतकऱ्यांशी घरी जाऊन बोला.

ड्रोनबद्दल, पुढे कधी पैसे आलेच तर एप्रिल-मे मध्ये उडवा. कपाशी निघालेली असते, नाला कोरडा असतो. केळीच्या बागेवरून उडवलं तर तो केळीच्या पानांची उंची मोजतो, जमिनीची नाही.

पांझराकर

राम राम ताई. मी साक्रीकडचा, शेती करतो. एवढं तांत्रिक मला येत नाही पण आमच्याकडचं सांगतो त्यातून काही उपयोग झाला तर बघा.

पांझरा नदीवर आमच्याकडे फडाचे, म्हणजे पाटानं सामाईक शेतपट्ट्यांना पाणी देणारे जुने बंधारे आहेत, काही शतकांपासूनचे. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसं नेमून गाव स्वतःच पाणी वाटायचं. त्या बंधाऱ्यांची जागा बघा कधी येऊन. जिथे नदीत आडवा पक्का खडक आहे तिथेच बंधारा, आणि जिथून पाट काढला की पाणी आपोआप उतारानं फडात जाईल तिथेच. धुळे-नंदुरबार भागात काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या लांबच लांब रांगा जमिनीतून वर आलेल्या दिसतात, भूगर्भवाले त्याला डाईक म्हणतात, पूर्व-पश्चिम जवळपास सरळ रेषेत जातात. नदी ती रांग ओलांडते तिथे तळ पक्का असतो आणि रांगेच्या वरच्या अंगाला विहिरींना पाणी जास्त टिकतं असा आमचा अनुभव आहे. तुमच्या नाल्यात अशी रांग आडवी येते का ते चालताना नक्की बघा. असेल तर ती फोडू देऊ नका कोणाला. आमच्या शेजारच्या एका शिवारात खोलीकरणात फोडली आणि वरच्या विहिरी लवकर आटायला लागल्या, हे मी डोळ्यानं बघितलंय.

दुसरं म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या, पण ओट्यावर बसवून विचारू नका, जागेवर न्या. आमचे आजोबा घरी बसून पुराबद्दल काही नीट सांगायचे नाहीत, शेतात नेलं की निंबाच्या बुंध्यावर हात ठेवून सांगायचे, "पानी आठलोंग उनं व्हतं", म्हणजे पाणी इथपर्यंत आलं होतं. तो हात म्हणजेच तुमची मोजणी, तिथे रंगाची खूण करा आणि नंतर मशीननं उंची घ्या. बाया माणसांनाही विचारा, धुण्याचे दगड, पाणी भरायचा झिरा, हे कुठून कुठे सरकलं ते त्यांनाच ठाऊक असतं.

लेव्हलवाले_आप्पा

मी पाटबंधाऱ्यात सर्वेयर होतो, आता रिटायर आहे. सरांनी आणि पांझराकर भाऊंनी चांगलं सांगितलं. मशीन हातात आल्यावरचं मी सांगतो.

पहिलं काम बेंचमार्क, म्हणजे जिच्यावरून बाकी सगळ्या उंच्या मोजायच्या ती पक्की खूण. गावात जी वस्तू पुढची पंचवीस वर्षं हलणार नाही ती निवडा, शाळेचा जोता, मंदिराची पायरी, पुलाचा कठडा. एकच करू नका, नाल्याच्या लांबीवर ठराविक अंतरानं करत जा आणि सगळे एकमेकांना लेव्हलनं जोडा, गेलात तसे परत येऊन लेव्हल बंद करा, फरक किती येतो ते लिहून ठेवा. बेंचमार्क नसेल तर पाच वर्षांनी कोणी मोजायला आला तर त्याला तुमच्या आकड्यांचा काही उपयोग नाही. कामं झाल्यावर तळ वर आला की खाली गेला हे कळण्यासाठीच तर आपण मोजतोय.

मग उभा छेद. म्हणजे पात्राच्या सगळ्यात खोल जागेवरून वरपर्यंत लेव्हल घेत जायचं. सारख्या अंतरानं घेता घेता जिथे तळात पायरी आहे (म्हणजे तळ एकदम खाली उतरतो), डोह आहे, बंधारा आहे तिथे जास्तीचा पॉइंट घ्यायचाच. सारखं अंतर धरून चालणारी पोरं नेमकी पायरी चुकवतात, आणि सगळी गोष्ट त्या पायरीत असते.

आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतचे, किती घ्यायचे? सरांनी टप्पे पाडायला सांगितलेत ना, प्रत्येक टप्प्यात दोन-तीन, आणि पूल, बंधारा, गावठाण इथे वेगळे. छेद काठावर थांबवू नका. दोन्ही बाजूला जिथपर्यंत म्हातारी माणसं पाणी आलं म्हणतात त्याच्याही पुढे न्या. निम्मे छेद काठावर संपलेले असतात म्हणून पूर कुठपर्यंत जाईल ते काढताच येत नाही.

आता एवढ्यावर पाण्याचा अंदाज निघतो. पात्रातल्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र ॲग्रीला होतंच तुम्हाला. उदाहरण देतो. साधं चौकोनी पात्र धरू, 12 मीटर रुंद, 2 मीटर खोल पाणी, उतार 400 ला 1, आणि खडबडीतपणाचा आकडा 0.035. वेग येतो सेकंदाला साधारण 1.9 मीटर आणि पाणी जातं साधारण 45 घनमीटर. आता त्याच पात्रात वेड्या बाभळी माजल्या आणि तो आकडा 0.07 झाला की तेवढ्याच खोलीला निम्मंच पाणी जाईल, म्हणजे 22-23. उरलेलं पाणी वर चढणार. गावठाणात पाणी शिरतंय म्हणालात, खणायच्या आधी तिथे बाभळी, राडारोडा, पुलाच्या मोऱ्या तुंबलेल्या आहेत का ते बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंच काम होतं आणि ते स्वस्त आहे.

पूररेषेबद्दल कोणी बोललं तर माहिती असू द्या. आपल्या राज्यात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट पाण्याची, जे जास्त असेल ते, आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी-लालच्या मधे अटी घालून. या रेषा जलसंपदा विभागानं मंजूर केल्या तरच कायद्याला धरून होतात. तुम्ही काढाल ती गावाच्या नियोजनाची रेषा, तिला तसंच नाव द्या. पण प्रस्ताव पाठवताना तुमचे छेद आणि पुराच्या खुणा सोबत असल्या तर विभागाचं काम निम्मं होतं.

तितूरकाठ

चाळीसगावचा आहे. 31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी या नद्या एका रात्रीत काय झाल्या ते आमच्या गावानं बघितलंय, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि खाली बाजारपेठेत पाणी. एकच सांगतो, पुराच्या खुणा पूर ओसरल्यावर लगेच टिपा. भिंतीवरची गाळाची रेष लोक दोन दिवसांत धुऊन टाकतात, साहजिकच आहे, घर साफ करणारच. झाडाला अडकलेला कचरा जास्त टिकतो पण तो पाण्याच्या जोरानं थोडा वर चढलेला असतो, भिंतीवरची रेष जास्त खरी. तुमच्या पोरांना आत्ताच सांगून ठेवा की पूर आला की दुसऱ्या दिवशी ऑइल पेंटचा डबा घेऊन निघायचं, रेषेवर आडवी खूण आणि तारीख. मशीन नंतर आलं तरी चालतं.

कापूसवाला

माफ करा पण मी वेगळं बोलणार आहे. हे सगळं वाचायला छान आहे पण ज्याचं शेत दरवर्षी नाल्यात जातंय त्याला छेद आणि टप्पे सांगून काय उपयोग? मी पारोळा तालुक्यातलाच, सहा-सातशे मिलिमीटर पावसाचा आपला भाग, एक खंड पडला की कपाशी सुकते. शिरपूरकडे सुरेश खानापूरकर साहेबांनी नाले खोल-रुंद करून, बंधारे बांधून पाणी वर आणलं हे मी स्वतः जाऊन बघून आलोय, आटलेल्या विहिरी भरल्या. तिथे लोकांनी काम केलं म्हणून पाणी आलं. पोकलेन तालुक्यात आलंय, डिझेलचे पैसे मिळतायत, आज नाही केलं तर पुढच्या वर्षी मशीन मिळेल का? नाला सरळ केला तर पाणी झपकन निघून जाईल, काठ खाणारच नाही.

सातपुडा_पायथा

कापूसवाला भाऊ, तुमची तळमळ शंभर टक्के खरी आहे, शेत जाणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आणि खानापूरकरांच्या कामाला मी कमी लेखत नाही, त्या माणसानं आयुष्य घातलंय त्यात. पण ते स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, त्यांनी आधी खाली काय आहे ते बघितलं मग खणलं. शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या खोल गाळावर आहे, पाणी मुरवणारे वाळूचे थर खाली आहेत आणि वर पिवळ्या मातीचा थर पाणी अडवून धरतो. तो थर काढला की पाणी खाली जातं. बेसाल्टचा भाग त्यांनी वेगळा धरला. बोरीच्या वरच्या अंगाला आपल्याकडे बेसाल्ट आहे, कुठे मुरमाड झिजलेला, कुठे टणक. टणक खडकात खणलं तर टाकी होते, पाणी साठतं, मुरत नाही, आणि उन्हानं उडून जातं. मुरमात खणलं आणि मुरूमच काढून टाकला तर जो थर पाणी धरत होता तोच गेला. म्हणून टप्पे पाडा म्हणतोय. एखाद्या टप्प्यात खोलीकरण बरोबर असेलही, सगळ्या नाल्याला एकच माप लावू नका एवढंच माझं म्हणणं.

सरळ करण्याबद्दल मात्र मी ठामपणे नाही म्हणेन. हिशोब करून बघा. वळणावळणानं 1500 मीटर जाणारा नाला 3 मीटर उतरतो. तो सरळ करून 1000 मीटरचा केला तरी उतरायचे 3 मीटर तेवढेच राहिले, म्हणजे उतार दीडपट झाला. बाकी सगळं तेच धरलं तरी वेग साधारण 22 टक्क्यांनी वाढतो आणि गाळ-गोटे ओढून न्यायची ताकद त्याहून जास्त वाढते. ते पाणी तळ खायला लागतं. तळात एक पायरी पडते आणि ती पायरी दर पावसाळ्यात वर वर सरकते, मुख्य नाल्यातून उपनाल्यात, उपनाल्यातून शेतातल्या ओघळीत. तळ खाली गेला की दोन्ही काठ उंच आणि उभे होतात आणि ओले झाले की कोसळतात. तापीच्या काठाला बांधापर्यंत शिरलेल्या त्या घळी बघितल्यात ना तुम्ही, त्या खालून वर चढत आलेल्या आहेत. ताईंच्या गावात खालच्या अंगाला काठ ढासळतायत म्हणजे पायरी चढायला सुरुवात झाली असावी अशी मला शंका आहे. तसं असेल तर तिथे अजून खोल करणं म्हणजे वरच्या शेतकऱ्याचं शेत आपण होऊन नाल्याला देणं.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पोरांना घेऊन संगमापासून वर चालायला सुरुवात केलीय, अजून अर्धा नाला बाकी आहे पण जे दिसलं ते सांगते.

सर, पायरी आहे. तशा दोन आहेत. पहिली संगमापासून थोडीच वर, पिवळ्या गाळात, माझ्या छातीएवढी, खाली डबकं पडलंय आणि कडेला निंबाची मुळं हवेत आहेत. तिच्या खालच्या टप्प्यात सगळे काठ ढासळतायत आणि वर काठ अजून ठीक आहेत, हे इतकं स्पष्ट दिसलं की पोरंसुद्धा गप्प झाली. दुसरी पायरी छोटी आहे, ती एका उपनाल्यात शिरलीय, आणि तिच्यापासून वरच्या सिमेंट बंधाऱ्याचं अंतर फार नाही. बंधाऱ्याचा पाया खालच्या बाजूनं उघडा पडलाय. त्या शेतकऱ्याला दाखवलं, तो आधी पोकलेनच्या बाजूचा होता, आता म्हणतो आधी हे थांबवा.

मळईसुद्धा सापडली. जी सपाटी आम्ही पूरमैदान समजत होतो तिच्या कटात खडीसारखे पांढरे खडे भरपूर आहेत, आणि खाली आत जो ओटा आहे त्याच्या थरात गुडघ्याएवढ्या खोलीवर खताच्या गोणीचा प्लास्टिकचा तुकडा. ओट्यावर तीन जणांनी विहिरीचे मोटरपंप ठेवलेत, ते वर हलवायला सांगितलंय.

संगमाजवळच्या शेतकऱ्यांनी अजून एक सांगितलं की आपल्याकडे पाऊस नसतानाही त्यांच्या खालच्या शेतात पाणी येतं. बोरीला पूर आला की नाल्याचं पाणी मागे तुंबतं. हे छेदात कसं धरायचं? आणि वरच्या टप्प्यात गोटे भरून आलेत तिथे किमान तरी उपसू का, वाळूवाल्यांच्या लोकांनी त्यात रस दाखवलाय.

लेव्हलवाले_आप्पा

हे मागे तुंबणारं पाणी म्हणजे फुगवटा, तो वेगळा धरायचा. संगमाजवळचा पूर तुमच्या नाल्याच्या पाण्यावर ठरत नाही, बोरीची पातळी किती चढली त्यावर ठरतो, आणि बोरीची पातळी तामसवाडीच्या धरणातून किती सोडलं आणि तिच्या खालच्या बाकीच्या नाल्यांनी किती आणलं त्यावर. तापीजवळच्या गावांना तर तापीचा फुगवटा. म्हणून संगमापाशी बोरीच्या पुराची सर्वात वरची खूण शोधा, तिची उंची तुमच्या बेंचमार्कला जोडा, आणि तीच आडवी रेष नाल्यात मागे मागे नेत जा जिथे ती तळाला टेकते तिथपर्यंत. तेवढ्या लांबीत नाला कितीही खोल-रुंद केला तरी तो पूर एक इंच कमी होणार नाही, हे सभेत नकाशावर दाखवा, आकड्यापेक्षा नकाशा लोकांना पटतो. तिथे चाऱ्याची पिकं, गवत, नाहीतर पुराच्या आधी निघणारं काहीतरी, आणि मोटरी वर.

नकाशावेडा

गोट्यांबद्दल आधी मोजा ते कुठून येतायत. वोलमननं 1954 मध्ये दिलेली पद्धत सोपी आहे: गोट्यांच्या पट्ट्यावर आडवं-उभं चालत प्रत्येक पावलाला बूट टेकेल तिथला दगड न बघता उचलायचा, त्याची मधली बाजू मोजायची, असे शंभर दगड. दोन-तीन टप्प्यात केलं की दगड खाली जाता जाता बारीक होतायत का ते कळतं. एखाद्या जागी अचानक मोठे आणि कोनदार दगड वाढले तर तिथे बाजूच्या ओघळीतून ताजा माल येतोय, मग उपाय त्या ओघळीच्या वर टेकडीवर आहे, समतल चर, दगडी बांध, चराईबंदी. पात्रातलं उपसून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरणारच.

आणि वाळूवाल्यांना तोंडी हो म्हणू नका ताई. वाळू-गोटे काढायचे तर ते महसूलकडून रीतसर, जिल्हा सर्वेक्षण अहवालात ती जागा असेल तर. तुमच्या पायरीच्या वरच्या बाजूला तर नकोच, तिथला तळ आहे तसा राहिला पाहिजे.

सातपुडा_पायथा

पायरीच्या जागेवर या पावसाळ्याआधी एवढं नक्की करा: पायरीच्या तोंडापासून वरच्या बाजूला एका पक्क्या खुंटीपर्यंतचं अंतर टेपनं मोजून तारीख लिहा, उपनाल्यातल्या पायरीचंही. खुंटी काठापासून लांब ठोका, काठासोबत पडायला नको. पावसाळा संपला की पुन्हा मोजा. ती किती वर सरकली तो एक आकडा घेऊन सभेत उभ्या राहा. बंधाऱ्याला धोका दिसतोय म्हणजे उपनाल्यातली पायरी आधी धरायची, मोठ्या दगडांचा उताराचा ढीग पायरीच्या तोंडाशी, खाली डबक्यापर्यंत नेलेला, दोन्ही बाजू काठात आत घुसवलेल्या. नुसती उभी भिंत बांधू नका, पाणी तिच्या बाजूनं काठ फोडून जातं. डिझाईन कृषी विभागाच्या किंवा मृद व जलसंधारणच्या इंजिनिअरकडून तपासून घ्या, तुमचा उभा छेद आणि दोन आडवे छेद सोबत न्या, त्याशिवाय कोणी नीट सांगू शकणार नाही.

उरलेला अर्धा नाला झाला की टप्प्यांची यादी इथे टाका. जमलं तर मीही येतो एका रविवारी.

कापूसवाला

ताई, तुमच्या गावापासून मी लांब नाही. पायरी मला दाखवाल का? आमच्या नाल्याच्या खालच्या अंगालाही काठ तसेच उभे पडतायत, पोकलेन आमच्याकडे लागायचंय अजून. यायच्या आधी मी पण संगमापासून वर चालून बघतो.

बोरीकाठ

या दादा, नक्की या. रविवारी सकाळी आम्ही लवकर निघतो, ऊन चढायच्या आत. टेप आणि स्टाफ आमच्याकडे आहे, तुमच्या गावातले एक-दोन जाणते सोबत आणा.